बंदुकीवरची बारीक भोकाची चकती

दादा,

तुमच्यामागे मुलगा म्हणून माझ्याकडे आलेली तुमची दुनळी बंदूक आज मी पुन्हा चालवली. ज्या वयात तुम्ही ती कायमची खाली ठेवलीत, ते वय मी गाठले आहे आणि मलाही नळीच्या टोकावरचा पितळी मणी धूसर दिसतो. मणी पाहावा तर लक्ष्य विरघळते, लक्ष्य पाहावे तर मणी. दर दसऱ्याला, शस्त्रपूजा आटोपल्यावर, तुम्ही त्या मण्यावर चुन्याचा ठिपका द्यायचात. नजर मंदावत गेली तसा ठिपका मोठा होत गेला आणि लक्ष्यच झाकू लागला. उपाय नेमका उलटा होता. कोठी बाजारातल्या बंदुकांच्या कारागिराकडून मी नळीच्या डोळ्याकडील बाजूस बारीक भोकाची चकती बसवून घेतली. त्या भोकाकडे पाहायचे नसते, त्यातून पाहायचे असते. मग मणी आणि लक्ष्य दोन्ही रेखीव होतात, भोकाचा मध्य डोळा आपला आपणच गाठतो.

नेमबाजीच्या मैदानावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ म्हणाले, "क्या मियाँ, बंदूक कू अंगूठी पिन्हाए? शादी कब है?"

"अंगूठी नहीं, चष्मा है," मी म्हणालो. दूरच्या लक्ष्याच्या मधोमध गोळी लागली.

हे तुम्हालाच कळवायचे होते, कारण कुकटपल्लीला आपले शेत होते तेव्हाचा तो दिवस अजून माझ्यापुढे उभा आहे. आईने हाताने वाढवलेली म्हैस पिसाळली आहे, अंगणातल्या चिंचेला बांधली आहे. तुम्ही गोठ्याच्या दारातून बार काढता. गोळी जबड्यात जाते. म्हैस ओरडत राहते, दुसरा बार तुमच्याकडून निघत नाही, अखेर शेजारी कुऱ्हाड घेऊन येतो. आई म्हणते, "डोळ्यांना काय झालंय? हात कचरला तुमचा. हाल केलेत तिचे." तुम्ही एवढेच म्हणता, "मणी दिसला नाही."

आईने ते कधी मानले नाही. मी मानले आणि तुमच्या बाजूने तिच्याशी भांडत राहिलो, तिच्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा.

आज, तुमच्या म्हणण्याचा पुरावा पक्का व्हावा म्हणून, मी चकती काढली. लक्ष्य त्या चिंचेइतके जवळ आणवले. मण्यावर तुमच्याएवढाच चुना लावला. सगळे धूसर होते. तरी गोळी मधोमध लागली. पुन्हा झाडली, तीही लागली. इतक्या जवळून नजरेचे काही अडत नाही.

हे पत्र खरे तर आईला लिहायला हवे होते. तिला काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो.