अमावास्येची सुट्टी

मिस्त्री, परवा तुमच्या घरी गेलो होतो. काकींच्या हातचा चहा प्यायलो आणि तिथं जे कानावर पडलं, ते अजून डोक्यातून जात नाही. तीस वर्षं ज्या समजुतीवर मी निवांत झोपत आलो, ती काकींनी हसत हसत मोडली. त्यांना त्याचा पत्ताही नाही. कुणाशी बोलावं कळेना, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

सांगलीतली आपली शेंगतेलाची गिरणी. लढाईची वर्षं. इंजिनचा एखादा भाग मोडला तर मुंबईहून नवा यायला महिने लागायचे, आणि तोवर शेंगा फोडणाऱ्या बायका फाटकापाशी बसून बसून घरी जायच्या. पण आपलं इंजिन बंद पडत नव्हतं, कारण तुम्ही होतात. पलटणीच्या वर्कशॉपातून आलेला शिराळ्याकडचा माणूस. दर तासाला उठायचात आणि एकेका बेअरिंगवर उजवा तळहात ठेवायचात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "हात आधी सांगतो रं. कानाला कळंस्तवर उशीर झालेला असतो," म्हणायचात. आणि महिन्यातून एक दिवस, अमावास्येला, इंजिन बंद. मालक कुरकुरले की तुम्ही हात जोडून उभे. "मालक, अमावास्येला बैलसुदिक कुणी जुपत न्हाई. ह्ये तर पन्नास बैलांचं काम करतंय." मालक देवभोळे, सुट्टी द्यायचे. मग दिवसभर तुम्ही इंजिन उघडून धूत-पुसत बसायचात, तेलाच्या नळ्या साफ करायचात. मी पंचविशीचा, तुमच्या हाताखालचा इंजिन ड्रायव्हर, दोन इंग्रजी पुस्तकं चाळलेला. मला हसू यायचं. एवढा यंत्रातला माणूस आणि अमावास्या पाळतो! एकदा तोंडावर बोललोसुद्धा. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि माझ्या हातात पुसायची चिंधी दिलीत.

त्या आषाढात काकी आजारी पडल्या म्हणून तुम्ही गावी गेलात. तेलाला मागणी जोरात, आणि मी मालकांच्या मागे लागलो. अमावास्या-बिमावास्या काही नसतं, इंजिन लोखंडाचं आहे, चालवू या. मालक आधी कचरले, मग तयार झाले. इंजिन झकास चाललं. मी सकाळभर असा काही मिरवत होतो की मोठ्या बेअरिंगवरच्या काचेच्या वाटीत तेल घालायचं राहून गेलं. रोजचं काम, आणि माझंच. दुपारी तुम्ही गावाहून परत आलात. फाटकातच इंजिनाचा बिघडलेला ठोका ऐकला असणार. मला अजून एवढंच दिसतं: तुम्ही पिशवी टाकून धावताय, "बंद कर, बंद कर रं!" म्हणून ओरडताय, मी खुळ्यासारखा उभा आहे, तुम्ही स्वतःच चावी फिरवून इंजिन बंद करताय आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, तो तळहात बेअरिंगवर टेकवताय. आतला धातू वितळून बाहेर येत होता. तो वास कसा होता हे मी आजवर कुणाला सांगू शकलेलो नाही.

दवाखान्यात तुमच्या हाताला पट्ट्या, पायाशी मालक. तुम्ही मला विचारलंत, "वाटीत त्याल हुतं न्हवं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय मिस्त्री. भरलेली हुती." तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग मालकांकडे वळून म्हणालात, "तर मग अमावास्याच नडली, मालक. दुसरं काय." मालकांनी कानाला हात लावला. गिरणी पुन्हा कधी अमावास्येला चालली नाही. माझी नोकरी वाचली, आणि मी मनात म्हटलं, भोळा माणूस आहे, पंचांगावर भरवसा ठेवतो, सुटलो आपण. तुमचा हात बरा झाला, पण त्या जाड कातडीला ऊन-गार काही कळेना. मग दर तासाला माझं मनगट धरून माझाच तळहात बेअरिंगवर ठेवायचात. "किती ऊन हाय? खरं सांग." लढाई संपून वर्षा-दोन वर्षांनी तुम्ही देवाघरी गेलात, तोवर रोज हेच. खरं सांग. मी आपला "कोमट हाय" म्हणत राहिलो.

परवा काकींनी मधेच विचारलं, "ह्येंचा हात कशानं भाजला रं? मला कवा सांगितलंच न्हाई." मी ठरलेलं उत्तर दिलं. "अमावास्या हुती, काकी. इंजिन चालवाय नको हुतं त्या दिवशी." काकींनी तोंडाला पदर लावला आणि हसायलाच लागल्या. "ह्येंनी अमावास्या मानली? आरं, आमचं लगीनच अमावास्येचं हाय! पलटणीची रजा सपत आलेली, भटजी काय तयार हुईना. तर ह्ये म्हनले, माझ्या सायबाला पंचांग कळत न्हाई, आजच लावा!"

मी कप खाली ठेवला. म्हणजे तो दिवस तुम्ही इंजिनसाठीच मागत होतात. पुसायला, धुवायला मालकांनी दिला नसता, देवाला दिला. आणि त्या दुपारी ती काचेची वाटी तुमच्या तळहातापासून वीतभर अंतरावर होती. कोरडी. तुम्ही ती पाहिली होतीत, मिस्त्री. दवाखान्यात मला विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

काकी हसायच्या थांबल्या. "मग खरं काय झालं हुतं रं?" म्हणाल्या. मी म्हणालो, "लय दिवस झालं काकी, आता ध्यानात न्हाई."

हे पत्र पाठवायचंच तर शिराळ्याला, काकींच्या नावानं पाठवायला हवं. त्यांना वाचता येत नाही, शेजारचं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवील. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून पाठवत नाही.