मागाची काळजी नसावी

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद, डोळ्याला जास्त, बाकीच्या अंगाला नेहमीइतके.

ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले. डॉक्टरांनी वाकू नका, खोकू नका, वाचू नका आणि चिडू नका असे बजावले आहे म्हणे. पैकी वाचण्याचा प्रश्न नाही. ते तू शाळेतही कोणाच्या सल्ल्यावाचून टाळलेस. चिडण्याचे मात्र कठीण आहे, म्हणून हे पत्र तुझ्या बायकोने वाचून दाखवायचे आहे. (भावजयबाई, आशीर्वाद. एक विनंती. या पत्रात जिथे जिथे कंस येईल तिथला मजकूर मनात वाचावा, त्याला ऐकवू नये. कंस फार लांबला तर पाणी प्यावे. आमच्या घरात आल्यापासून तुम्ही बरेच काही मनातच वाचत आला आहात, तेव्हा सवय असेल.)

मागाची काळजी नसावी. शाळेला सुट्टी असल्याने मी मोकळाच आहे. रोज सकाळी तुझ्या खोलीत जातो, खिडकी अर्धी उघडतो, मागावरची चादर झटकतो, उंदराचा माग काढतो, चादर पुन्हा घालतो. तीस वर्षे तू परक्यांच्या अंगावर जाणाऱ्या साड्या विणल्यास. आपल्या माणसाच्या अंगावर पडेल अशी ही पहिली, आणि तीही तुझ्या लेकीच्या, आपल्या चिमणीच्या लग्नाची. म्हणून पहिल्या धाग्यापासून शेवटच्यापर्यंत तिच्यावर एकच हात चालला पाहिजे, दुसऱ्याचा ठोका पडला की कापडात कायमचा दिसतो, हे तू जाताना मला तीनदा सांगितलेस. ते पक्के लक्षात आहे. (लक्षात आहे, म्हणूनच तर तीन दिवस एका जागी बसवत नाही. आत्ताही निम्मे पत्र उभ्यानेच लिहितो आहे.)

घर मात्र फार गप्प झाले आहे. तुझ्या मागाच्या आवाजाला मी आजवर नावेच ठेवली. परंतु भिंतीपलीकडे तुझा ठोका चालू असल्याशिवाय मला एक ओळ वाचता येत नाही, हा शोध या वयात लागला. पोथी उघडतो, मिटतो. अंगणात जातो, परत येतो. चहा ठेवतो आणि तो उतू गेल्यावर आठवतो. गुरुवारी शेवटी मी चादर झटकायला गेलो आणि झटकून परत आलो. (गेलो खरा, परत लवकर आलो नाही. विचार एवढाच होता की एक ठोका द्यावा, फक्त ऐकायला. धागा ठोकणारी फणी पुढे ओढली. आवाज आला, पण पोकळ. मध्ये धागा नसला की तो तसाच येतो. मग म्हटले, एक धागा घालू. भावजयबाई, ‘ओतप्रोत’ हा शब्द मी वीस वर्षे पोरांना फोड करून शिकवतो आहे, उभे धागे कोणते नि आडवे कोणते हे फळ्यावर काढून दाखवतो. पण आडवा धागा नेणारे धोटे तीन, दोन जरीच्या काठांचे आणि एक मधल्या डाळिंबी रेशमाचा, आणि माणसाला हात दोनच, ही गोष्ट कोणत्याही टीकाकाराने नोंदवलेली नाही. पहिले ठोके भीत भीत पडले, नंतरचे स्वतःच्या रागाने. मान वर केली तेव्हा चार बोटे कापड झाले होते आणि मागाखालच्या खड्ड्यात सोडलेले दोन्ही पाय बधिर झाले होते.)

चिमणी मजेत आहे. कामाला जाते, वेळेवर परतते. (गुरुवारी वेळेआधीच परतली. गल्लीच्या तोंडाशी तिला ठोका ऐकू आला. बाबा लवकर आले असे वाटून पोर चपलांसकट धावत थेट मागाच्या खोलीत आली, आणि खड्ड्यात पाहते तो मी. तिचे तोंड पाहून मला खड्डा आणखी खोल असता तर बरे असे झाले. नंतर म्हणाली की चौथ्या ठोक्यालाच ओळखले होते हे बाबा नव्हेत, पण तोवर पळायला लागले होते.)

धोट्यांसाठी कांड्या भरणाऱ्या मावशी दिवसाआड येतात. जरीच्या कांड्या डब्यात, रेशमाच्या टोपलीत, सगळे तुझ्या शिस्तीने चालले आहे. (शुक्रवारी मावशींनी चादर बाजूला केली, चष्माही न लावता कापडावरून बोट फिरवले आणि एका ठिकाणी थांबल्या.

“मास्तर, इथे कोण बसलं होतं?”

मी म्हणालो, मांजर असेल.

“मांजराचा हात वाईट नाही,” त्या म्हणाल्या, “पण घाबरत विणतंय.”

त्यानंतर खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. मी सगळे कबूल करून, कात्री घेऊन, उसवायला बसलो. रेशमाचा एक धागा निघाला. जरीच्या धाग्याला हात घालताच मावशींनी माझे मनगट धरले. ठोकून बसलेली जरीची तार मागे ओढली तर वरचे सोने सोलून निघते आणि आतला धागा उघडा पडतो. मग सोनेरी काठाऐवजी काळा ओरखडा दिसेल, म्हणाल्या. उसवायचेच तर ज्याने विणली त्यानेच. मी म्हटले, ही चार बोटे मीच विणली. त्यांनी कात्री काढून घेतली.)

तेव्हा असे सर्व यथास्थित आहे. घाई करू नकोस, डोळा बरा करून ये. फक्त पदर उरला आहे आणि लग्नाला सव्वा महिना आहे.

तुझा,
दादा

ता.क. – चिमणीने परवा तुमच्या कपाटातली जुनी साडी नेसून पाहिली. सहज. (सहज नाही. ती चार बोटे अंगावर कुठे येतील हे मी टेप घेऊन मोजत होतो. निऱ्यांत गेली असती तर हे पत्र एका पानाचे झाले असते. नेमकी डाव्या खांद्यावर येतात.)

ता.क. दुसरा – (भावजयबाई, मुद्द्याचे येथे आहे. मी चिमणीला म्हटले की बाबांकडून उसवून घेऊ, वेळ आहे. ती आरशासमोरून हललीही नाही. “राहू दे काका. त्या दिवशी कोणीतरी खांद्यावर हात ठेवणारच आहे, तुम्ही आधी ठेवलात.” यावरचे उत्तर मी अजून संस्कृतात शोधतो आहे. पण साडी तिच्या बापाची आहे. त्याचा राग न वाढवता, आडून आडून, दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट म्हणून, त्याला एवढे विचारावे की अशी चार बोटे राहू द्यावीत की काढावीत.)

ता.क. तिसरा – पाकीट चिकटवले होते, पुन्हा फोडले. धाकट्या, तुझा एक ठोका हलका पडला तर पलीकडच्या खोलीतून तुला कळते. तुझी बायको हे पत्र वाचताना इतक्यांदा थांबली आणि इतके पाणी प्यायली, ते तुला कळले नाही असे समजण्याइतका मी अजून म्हातारा झालो नाही. भावजयबाई, आता सगळे कंस मोठ्याने वाचावेत, पहिल्यापासून. धाकट्या, पडून ऐक. चिडायचे असेल तर डोळ्याला धक्का न लावता चीड. मग एका शब्दात कळव, राहू द्यायचे की काढायचे. बायकोकडून लिहून घे. फक्त उत्तरात कंस नकोत.