तीनशे सात नावं आणि लेआऊटिया प्रो

१० नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद पाहिजे. आमच्या कमठाण्याच्या भागाबाई सुईणीचा चोवीस तारखेला सत्कार आहे. गावात दवाखाना नव्हता तेव्हा सगळी बाळंतपणं तिनंच केली. माझ्या आईचंही. तिचा नातू अमरदीप माझ्या बिदरच्या डिझाईनच्या दुकानात आला होता. म्हणाला, "धनराजअण्णा, आजीच्या हातावर जलमलेल्या सगळ्यांच्या नावाचं पुस्तक काढायचं हाय. तुमीच करा." बिदरात दुसरं करणार तरी कोण?
बाकीचे डिझाईनवाले चोरीचं सॉफ्टवेअर वापरतात. मी लेआऊटिया प्रो वर्षाचे पैसे भरून घेतलंय. अडलं तर ते कुणाला विचारणार? माझ्यामागं कंपनी आहे.

१३ नोव्हेंबर
कमठाण्याला जाऊन आलो. भागाबाईला लिहिता-वाचता येत न्हाई, पण नावं सगळी तोंडपाठ. ती डोळे मिटून सांगायली, नातसून प्रेरणा वहीत लिहून घ्यायली. तीनशे सात झाली. टाईप केली, पानाला नक्षी लावली. एकदम क्लास. पल्लवी म्हणाली, आजच प्रेसला देऊन टाका. आमच्या बायकोला घाई फार. कव्हरला दोन दिवस तरी पाहिजेत.

१५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
लेआऊटियाचं नवीन अपडेट आलंय. पैसे भरणाऱ्यालाच मिळतं. टाकलं.

१०.०५
पुस्तकातल्या नावांची जोडाक्षरं फुटली. 'बुद्धरत्न'चं 'बुद् धरत् न' झालं. मल्लेश्वरीचे तीन तुकडे. किरकोळ आहे. सपोर्टला कळवलं.

१६ नोव्हेंबर
उत्तर आलं! "प्रिय धनराज, तुमची निराशा आम्ही समजू शकतो." कंपनी मला नावानं ओळखते. पल्लवीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, समजतंय तर दुरुस्त कामून करंनात? तिला कस्टमर सपोर्ट म्हणजे काय ते माहीत न्हाई. स्क्रीनशॉट मागितलेत. बारा पाठवले.

१८ नोव्हेंबर
चॅटवर टीना नावाची मुलगी भेटली. फार नम्र. भागाबाईचं, पुस्तकाचं, माझ्या जन्माचं सगळं सांगितलं. तिनं स्क्रीनशॉट मागितले. तेच बारा पुन्हा पाठवले. प्रेसवाल्या ईरण्णाला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "अरे, ती बाई न्हाई, मशीन हाय." पटत न्हाई. मशीन इतक्या वेळा सॉरी म्हणत न्हाई.

२० नोव्हेंबर
जुनं व्हर्जन परत टाकून बघितलं. नवीन फाईल जुन्यात उघडत न्हाई. पल्लवी म्हणाली, प्रेरणाची वही घ्या आणि ईरण्णाच्या कम्प्युटरवर पुन्हा टाईप करा, एका दिवसाचं काम. मी सांगितलं, पैसे भरलेत, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय तक्रार आता सीनियर टीमकडं गेलीय. सगळ्यांची तक्रार तिथवर पोचत नसणार.

२२ नोव्हेंबर
सीनियर टीमचा मेल. शनिवार-रविवार त्यांना सुट्टी. ईरण्णाचा फोन. उद्या दुपारपर्यंत फाईल न्हाई आली तर मशीनवर लग्नपत्रिका चढणार. अमरदीपचे चार फोन आले. उचलले न्हाईत. चांगली बातमी हातात आल्यावरच बोलावं.

२३ नोव्हेंबर
वही घेऊन पळत ईरण्णाकडं गेलो. त्याचा टायपिंगवाला गाणगापूरला गेलेला. मीच बसलो. त्या कीबोर्डवर माझा हात बसंना. दुपारी मशीन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा एकसष्ट नावं झाली होती. ईरण्णा म्हणाला, "परवा यायचं होतंस की. माझं काय ऐकणार हायेत का पत्रिकावाले?"
कमठाण्याला जाऊन अमरदीपला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "आजी सकाळधरून विचारायली, बुक आलं का म्हनून."
कंपनीचं नाव सांगितलं. त्याला ते नीट ऐकूही आलं न्हाई.

२४ नोव्हेंबर, रविवार
समाजमंदिर भरलेलं. मी मागं, चपलांपाशी उभा. अमरदीपनं माईकवर सांगितलं की पुस्तक अजून छापून यायचंय. भागाबाईनं माईक स्वतःकडं ओढला. "बुकाचं ऱ्हाऊ द्या. मी सांगते."
आणि सुरू झाली. नाव घेतलं की तो माणूस उठून उभा राहायचा. हणमंतराव उठले तेव्हा नातवंडांनीच हाताला धरलं. मल्लेश्वरी कडेवर लेकरू घेऊन उठली. जे आता न्हाईत, त्यांच्या घरचं कुणीतरी उभं राहिलं. तिथं भागाबाई जरा थांबायची, मग पुढचं नाव.
माझी पाळी आली. "राजूबाईचा धनराज. ह्यो पायाळू. लई येळ लावला. माय बिचारी दोन दिस वरडायली, ह्यो काय ऐकंना."
सगळं मंदिर हसलं. मी हात वर केला. चूक माझी न्हाई, कंपनीची आहे, हे सांगायचं होतं. कुणी विचारलंच न्हाई. नंतर तिनं जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला. "जेवून जा रं," म्हणाली.
जेवलो.

२६ नोव्हेंबर
सीनियर टीमचा मेल. "आनंदाची बातमी! आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." फाईल उघडली. बुद् धरत् न.
मेलच्या खाली विचारलंय, आपण समाधानी आहात का? 'नाही' दाबलं. मग म्हणतंय, नवीन तक्रार नोंदवा, सुरुवातीपासून सगळं लिहा, स्क्रीनशॉट जोडा.
बारा स्क्रीनशॉटचं फोल्डर उघडलं. मग मागच्या पानावर जाऊन 'होय' दाबलं.