येळवशीच्या दिवशी थांबलेली फटफटी

तुळजापूर,
पौष लागून चार दिवस झाले.

तीर्थरूप बलभीममामांस,

भाचा बब्रुवानचा साष्टांग नमस्कार. मनानं साष्टांग आहे, अंगानं मात्र उभ्यानंच घ्यावा, कारण कंबर वाकत न्हाय. तुमचे गुडघे थंडीत कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? अणदूरला ज्वारी कशी आहे? इकडं सर्व क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण तुम्ही पुढं वाचणारच, म्हणून लिहीत न्हाय. माझं लग्न तुम्ही जमवलंत, येडशीच्या आण्णासाहेबांना शब्द तुम्ही दिलात, तेव्हा माझे प्रताप तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नयेत एवढीच इच्छा. (आपल्या जिल्ह्यात तोंडं माझ्या फटफटीपेक्षा जोरात धावतात.)

म्हाळसा दिवाळीपासून माहेरी आहे हे तुम्हाला माहीत आहे. का आहे, ते माहीत नसेल. दिवाळीत मी तिला फटफटीवर मागं बसवून येडशीला निघालो. ती एस.टी.नं जाऊ म्हणत होती. मी म्हणालो, सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको एस.टी.त कोंबड्यांशेजारी बसणार का? वाटेतल्या चढावर फटफटी दोघांना घेईना. म्हाळसा खाली उतरली. ती उतरताच गाडीला असा काही हुरूप आला, की मी चढ ओलांडून पार पुढं गेलो. आता ही गाडी थांबवली की बंद पडते, आणि बंद पडली की उतारावरून ढकलल्याशिवाय चालू होत न्हाय, म्हणून मी थांबलो न्हाय. बायको मागनं कांद्याच्या गाडीत बसून माहेरी पोचली. एवढ्यावर भागलं असतं मामा. ती त्यावर रागावली न्हाय. पण मी परत येऊन हाटेलात चार टाळक्यांपुढं ही गोष्ट रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले, आणि ती गोष्ट आठ दिवसांत येडशीला तिच्या कानावर गेली. तिनं निरोप धाडला, की माझी गोष्ट चार लोकांत सांगणाऱ्या माणसाबरोबर मला यायचं न्हाय.

शेवटी आण्णासाहेबांनीच मधला मार्ग काढला. येळवशीला जावयानं शेतात जेवायला यावं आणि लेकीला परस्पर शेतातूनच घेऊन जावं. (येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस, पण त्यांच्याकडं ती अमावास्या धरत न्हायत, सण धरतात, म्हणून चालतं. दुसऱ्या दिवशी पौष लागला की मात्र महिनाभर लेक घालवत न्हायत.) म्हणजे तो एक दिवस हुकला, की थेट माघ. मला पक्कं माहीत होतं. तरीसुद्धा मी फटफटीच काढली. एस.टी.नं गेलो तर हार मानल्यासारखं होईल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. या डोक्याबद्दल तुम्ही रागावलात की वापरता तो शब्द वापरायला माझी हरकत न्हाय.

निघताना शब्बीरमिस्त्रींनी बजावलं होतं, “सेक्रेटरीसाब, थंडी में इसको रोकना नक्को.” मी स्वेटर, त्यावर कोट, माकडटोपी, मफलर आणि डोळ्यांवर हिरवा चष्मा असा निघालो. मामा, थंडी म्हणजे काय ते मला धाराशिवच्या अलीकडंच कळलं. बोटं कुठं संपतात आणि मूठ कुठं सुरू होते ते समजेना. नाकाचं पाणी मफलरवर गोठून मफलर पत्र्यासारखा वाजू लागला. बालाघाटाच्या डोंगरावर धुकं उतरलं होतं, खाली करडई पिवळी झालेली, ज्वारी कमरेच्या वर, सगळं बघण्यासारखं होतं म्हणे. मला डोळ्यांतल्या पाण्यानं फक्त पुढचं चाक दिसत होतं, तेही दोन.

आणि येळवस विसरून चालतं होय? गावंच्या गावं ओस, माणूस न् माणूस शेतात. कडब्याच्या कोपी घातलेल्या, आत दगडांचे पाच पांडव पूजेला मांडलेले, आणि रस्त्यानं जाणारा दिसला रे दिसला की त्याला जेवल्याशिवाय सोडायचं न्हाय. पहिल्याच शेतातले गडी कांबळी पांघरून रस्त्यात आडवे. “पावणं, आंबील पिऊन जावा!” थांबलो. गाडी बंद. आंबील प्यालो, शेंगा-पाल्याची भज्जी खाल्ली, बाजरीचे उंडे खाल्ले. मग त्या सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली, ती चालू झाली, आणि मैलभर जातोय न जातोय तो दुसरं शेत. नको म्हणायची सोय न्हाय, कारण येळवशीला आंबिलीला नको म्हणणारा माणूस म्हणजे पिकाला दृष्ट लावणारा. जेवण केलं तरच ढकलायला माणसं मिळत, आणि ढकललं तरच पुढच्या जेवणापर्यंत जाता येई. अशी माझी वरात शेताशेतानं येडशीकडं निघाली. आंबील गार, आंबट, वरून लसणाचा ठसका. ती पोटात गेली की जीभ सैल होते आणि पापण्या जड. हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा आंबील पिऊनच केली होती.

रामलिंगाच्या वळणापुढं फटफटी एका कोपीसमोर आपणहून बंद पडली. आत एक म्हातारी बाई एकटीच बसलेली. ती म्हणाली, बाकी मंडळी बैलगाडी घेऊन फाट्यावर गेलीत, कुणा पावण्याला आणायला. तिनं मला बसवलं आणि वाढलं. मी टोपी काढली, चष्मा काढला, आणि मामा, मी बोलू लागलो. तिनं नुसतं विचारलं होतं, कुठं निघालास बाबा? मी म्हणालो, बायकोला आणायला. आणि मग सगळं सांगितलं. चढ, कांद्याची गाडी, हाटेलात लोक कसे हसले ते. सासरा स्वतःला निजामाचा जहागीरदार समजतो, म्हणालो. बायको हट्टी आहे, पण मी पायरीवर उभा राहिलो की गुमान पिशवी घेऊन येईल, म्हणालो. आणि ही भज्जी! भज्जी असावी तर अशी. आमच्या बायकोची भज्जी म्हणजे गुरांच्या वैरणीला फोडणी. असं म्हणून मी तिसऱ्यांदा मागून घेतली.

तेवढ्यात कोपीच्या मागनं, जिथं चूल होती तिथनं, पातेलं घेऊन म्हाळसा आली. ती भज्जी तिनं केली होती. ते शेत आण्णासाहेबांचं होतं. ती म्हातारी तिची सोनारीची आत्या, धुरपदाबाई, जी आजारपणामुळं आमच्या लग्नाला आली नव्हती. आणि आण्णासाहेब गाडी जुंपून फाट्यावर माझ्यासाठी एस.टी.ची वाट बघत थंडीत उभे होते. (शेत मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर दुसऱ्या शेतात बोललो असतो.) म्हाळसानं माझ्या ताटात आणखी एक पळी भज्जी वाढली. यापुढचं मला काही आठवत न्हाय, कारण आंबील अंगात भिनली आणि मला तिथंच गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा दिवस बुडत आलेला, गडी गवताचा हेंडगा पेटवून शेताला फेरी घालत होते. म्हाळसा माघात बघू म्हणाली. मी फटफटी आण्णासाहेबांच्या बैलगाडीत घालून धाराशिवपर्यंत आणली. सगळा दोष आंबिलीचा, त्यात माझं काही चाललं न्हाय.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि जे मला हसतील त्यांनाही आशीर्वादच.

आपला नालायक भाचा,
बब्रुवान

ता. क. : मूळ काम राहिलंच. माघ लागला की तुम्ही येडशीला जाऊन म्हाळसाला घेऊन या. तुमच्या पागोट्यापुढं तिथं कुणी काही बोलणार न्हाय. मला तोंड न्हाय. फटफटी तुमच्याकडं लावून देतो, तुम्हाला पाहिजे तर ठेवा.

ता. क. दुसरं : वर झोप लागली असं लिहिलं, ते खोटं आहे. मी झोपलो नव्हतो. तिला बघून मी डोळे मिटले, आणि मग उघडायची हिंमत झाली न्हाय. दुपारभर तसाच पडून होतो. आत्या तिला म्हणाली, “सकाळपास्नं फटफटीच्या आवाजाला कान लावून बसली हुतीस, ते ह्याच्यासाठी व्हय गं?” मग माझ्या अंगावर वाकळ आली. आण्णासाहेब फाट्यावरून आले, त्यांनी विचारलं हे काय, तर म्हणाली, “थंडीत लई लांबनं आल्यात बाबा. झोपू द्या.” मी जे बोललो ते तिनं बापालाही सांगितलं न्हाय. मी तिची गोष्ट गावभर केली, तिनं माझी कुणाला सांगितली न्हाय. नंतर ती जवळच बसली होती, आणि रडू गिळल्याचा आवाज मला वाकळीखाली ऐकू येत होता. मामा, मला माझी लाज वाटते.

ता. क. तिसरं : हे पत्र मामींना वाचून दाखवू नका. मी पुन्हा तिची गोष्ट चार लोकांत सांगून बसलो, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं. वाचून चुलीत घाला. आणि येडशीलाही तुम्ही जाऊ नका, मीच जातो, एस.टी.नं, माघाची वाट न बघता. ती आली न्हाय तर न येवो, पण डोळे उघडे ठेवून तिच्यापुढं उभा राहीन. तुम्ही एवढंच उलट टपाली कळवा, माफी मागायची तर पहिला शब्द कोणता म्हणायचा? मामींमुळं तुम्हाला तीस वर्षांचा सराव आहे.