राणीचं चौथं पिल्लू

६ फेब्रु.
राणी दुपारी व्यायली. चार पिल्लं. माझ्या खाटेखाली, माझ्या जुन्या लुगड्यावर, मला न विचारता. तीन पिल्लं तिने स्वतः चाटून मोकळी केली, चौथ्याकडे बघितलंच नाही. पिशवी मी फाडली, फडक्याने चोळलं, तेव्हा कुठे कुं केलं. मला कुत्रं आवडत नाही. पण समोर पडलं तर हात गप्प बसत नाहीत.
संजय (पुढे सं. लिहीन, बोटं दुखतात) मोबाईल घेऊन फोटो काढत बसला. राणीला पाणी दे म्हटलं तर म्हणतो, थांब आये, पार्टी लाईनवर आहे. पार्टी म्हणजे पिल्लू घेणारे. नाळ अजून ओली आणि ह्याची पार्टी.

२१ फेब्रु.
तिघांचे डोळे उघडले. चौथ्याचे नाहीत. सं. म्हणतो काहींचे उशिरा उघडतात. वैशाली, माझी सून, म्हणते, फटीतून काही दिसत नाही हो आई, आत खड्डाच वाटतो. ती कमी बोलते, पण बोलते ते खरं निघतं.
आजच्या फोटोत तीनच पिल्लं. चौथं उचलून बाजूला ठेवलं होतं त्याने.

२५ फेब्रु.
परळला जनावरांच्या डॉ.कडे. सं. नको म्हणत होता. मी पिल्लू पिशवीत घालून चपला घातल्या, तेव्हा मागून आला. डॉ. बाई तरुण. पापणी उचलून बघितली. आत डोळेच नाहीत. औषध नको, काही नको, उपयोग नाही. जगेल पण. सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगेल.
मग तिने विचारलं, नर कुणाचा? सं. म्हणाला, मित्राचा. तिने परत विचारलं, मादीचं आणि त्याचं नातं काय? सं. पंख्याकडे बघायला लागला. मी त्याला जन्म दिलाय, तो पंख्याकडे कधी बघतो ते मला माहीत आहे.
ब्रूनो. काळाचौकीच्या गण्याचा ब्रूनो. राणी आणि ब्रूनो एका आईचे, एकाच वेळचे. दोघांना एका टोपलीतून आणलं होतं, मीच उतरवून घेतली होती टोपली. मला सांगितलं होतं नर वडाळ्याचा.
"लाईन ब्रीडिंग म्हणतात आये त्याला. रंग टिकतो."
बाई म्हणाली, रंग टिकला, डोळे गेले. मग पिल्लं विकायचं लायसन्स आहे का विचारलं. परत पंखा.

२६ फेब्रु.
गेल्या वर्षी सायलीने, नातीने, शिवडीचा मुलगा घरी आणला होता. चांगला होता. नोकरीवाला, हळू बोलणारा. देवक विचारलं तर कळंब. आमचंही कळंब. सं. ताटावरून उठला. एका देवकाची म्हणजे बहीणभाऊ, माझ्या घरात हे चालायचं नाही. त्या मुलाचं गाव वेगळं, आडनाव वेगळं, सात पिढ्यांत कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नाही. तरी बहीणभाऊ.
आज जेवताना सायलीने भाकरी मोडली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, ब्रूनोचं देवक विचारलं होतंत का?"
वैशाली आमटी वाढत राहिली, वाटी भरून वाहिली तरी.
मी काय लिहू. तेव्हा मीपण मान हलवली होती. सं.ला हे शिकवलं कुणी, तर मीच. त्या मुलाचं लग्न झालं दुसरीकडे. राग आलाय. कुणावर ते लिहीत नाही.

१७ मार्च
गण्या आला निवडायला. ह्यांच्या धंद्यात नराच्या मालकाला पहिलं पिल्लू, तो बोट दाखवेल ते. चहा प्यायला, तिघांना उलटंपालटं केलं, कान बघितले, दात बघितले. मी चौथं आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, हेपण तुझ्याच ब्रूनोचं.
हसला. "आजी, चॉईस आमची असते."
म्हटलं, मेल्या, चॉईस जुळवायच्या वेळी करायची होतीस, शिरा पडो तुझ्या तोंडावर. सं. म्हणाला, आये, आत जा. आत कुठे जाऊ, खोली एकच.
सगळ्यात गुबगुबीत घेऊन गेला. जिन्यावर सं.ला म्हणत होता, गणपतीनंतर परत आणशील ना राणीला. मला ऐकू कमी येतं असं दोघांना वाटतं.

२३ मार्च
बाकीची दोन गेली. एक दादरला, एक शीवला. सं. म्हणतो, चौथं रे रोड स्टेशनच्या बाजूला सोडून येतो, लाकडाच्या वखारी आहेत, वॉचमन लोक घालतात खायला. म्हटलं, त्याला ट्रक दिसणार आहे का? म्हणतो, मग काय जन्मभर मी बघू?
हो. तूच बघ. रस्त्यावरची कुत्री व्यायली तर दोष कुणाला देणार. हिला तू मोटारसायकलवर बसवून नेलंस काळाचौकीला.
मग म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकू. तीन फोन केले. आंधळं आहे हे एकालाही सांगितलं नाही. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं, आंधळं आहे हो. तिन्ही वेळा.
आता माझ्याशी बोलत नाही. बरं आहे.

३० मार्च
पिल्लू घरभर फिरायला लागलं. पहिले दोन दिवस फडताळाला, बादलीला, खाटेच्या पायाला आपटलं. आता आपटत नाही. वैशालीने बादली जराशी सरकवली तर चुकलं. म्हणून घरात सगळ्या वस्तू जागच्या जागी. इतकी वर्षं ओरडत होते, कुणी ऐकलं नव्हतं.
सायली म्हणते नाव ठेवू या. नको म्हटलं. आधी त्याच्या आईचं ठरू दे.

२ एप्रिल
सायलीला घेऊन परत डॉ. बाईकडे. राणीला परत पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन विचारायला. होईल म्हणाली, पण मालकाची सही लागते. म्हटलं मी करते, चौथी पास आहे, अंगठा नाही लावत. ती म्हणाली, आजी, राणीच्या कार्डावर नाव संजयचं आहे.
कुत्री त्याच्या नावावर. आंधळं कुणाच्याच नाही. फॉर्म घेऊन आले.

९ एप्रिल
फॉर्म रोज सं.च्या ताटाशेजारी ठेवते. तो ताट उचलतो, फॉर्म तिथेच. काल म्हणाला, आये, एकदाच अजून, ह्या वेळी बाहेरचा नर बघतो. म्हटलं, बाहेरचा म्हणजे वडाळ्याचा ना?
संध्याकाळी गण्याचा फोन. गॅलरीत जाऊन बोलला. काय ठरलं कळलं नाही, ह्या वेळी खरंच ऐकू आलं नाही.

११ एप्रिल
सं.ला सुट्टी. जमिनीवर बसून मॅच बघत होता. पिल्लू भिंतीच्या कडेकडेने आलं, त्याच्यापाशी पोचलं, हुंगलं, आणि पावलावर हनुवटी टाकून झोपलं. मॅच संपली. मोबाईल वाजला, गण्याच असणार, खिडकीत होता, वाजून वाजून बंद झाला. सं. उठला नाही. मी फॉर्म आणि पेन त्याच्या हाताशी सरकवलं.
पाय हलवला नाही त्याने. सहीला हातपण नाही.