कट्ट्याचं नवं नाव

मंगळवार, संध्याकाळ

फोनमधल्या नकाशावर आमचा दूधकट्टा आता 'ग्रीन व्हॅली चौक' झालाय. कुणी केलं? माझा संशय समोरच्या बिल्डरवरच. त्याच्या नव्या इमारतीचं नावही ग्रीन व्हॅली. गवळी आप्पांना फोन दाखवला, तर धार काढता काढता हसले. "म्हशी काय नकाशा बघून येत्यात व्हय?" मीही हसलो. पण फुकट एवढी खटपट कोण करतंय? डोक्यातनं जाईना.

मघाशी त्या इमारतीतले एक साहेब आले. राहायला येऊन महिना झाला नसेल. आप्पांच्या बापापासून इथं रोज संध्याकाळी म्हशी उभ्या राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजं दूध विकलं जातं. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "ग्रीन व्हॅली चौकात म्हशी कशाला आणता?"

या वेळी आप्पा हसले नाहीत.