कोपऱ्यातल्या टेबलावरचा वाचक

४ जानेवारी
नोटीस लागली. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी शोधनिबंध स्पर्धा. एकट्याने किंवा जोडीने. मधल्या सुट्टीत वर्गातल्या सगळ्यांच्या जोड्या जमल्या. मला कुणी विचारलं नाही. माझ्या दर्जाचं दडपण आलं असणार. बरंच झालं, जोडीदार म्हणजे गळ्यातलं लोढणं. पहिलं बक्षीस माझं, हे आजच लिहून ठेवतो.

५ जानेवारी
विषय ठरला : घरी न नेता ग्रंथालयातच बसून वाचली जाणारी पुस्तकं. घरी नेलेल्यांची नोंद कॉम्प्युटरवर होते, यांची कुठेच नाही. पण आपल्याकडे नियम आहे. वाचून झालेलं पुस्तक शेल्फात ठेवायचं नाही, टेबलावरच सोडायचं. मामा, म्हणजे ग्रंथालयाचे शिपाई, ती मोजून, नावं टिपून जागेवर लावतात. तोच माझा डेटा. गाईड मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, करा. भारावल्या असाव्यात.
संकल्प : उद्यापासून सहाला उठणे.

८ जानेवारी, स. १०
आत्ता उठलो. संकल्प सोमवारपासून.

८ जानेवारी, सायं.
वरच्या मजल्यावरचा जुना हॉल निवडला. तिथे कुणी फिरकत नाही, त्यामुळे डेटा शुद्ध. खिडकीजवळ कोपऱ्यातलं टेबल धरलं. नमुना म्हणून कुणी कधीच न नेलेली पुस्तकं काढून चाळली. दीपगृहं, घड्याळदुरुस्ती, मधमाश्या. दीपगृहांचं इतकं छान निघालं की दुपारचे तास बुडाले. जाताना पुस्तकं टेबलावर सोडली. नियम म्हणजे नियम.

९ जानेवारी
कमाल झाली! मामांनी कालची मोजणी दिली. वरच्या हॉलमध्ये एक वाचक येऊन गेला. कोपऱ्यातलं टेबल. पुस्तकं : दीपगृहं, घड्याळदुरुस्ती, मधमाश्या! मी सोडलेली लगेच जागेवर गेली असणार, आणि मागोमाग कुणीतरी नेमकी तीच काढली. कोण होतं, विचारलं. मामा म्हणाले, मी वर जातो तेव्हा कुणीच नसतं, पुस्तकं तेवढी असतात.

१६ जानेवारी
रोज येतोय. रोज माझ्याच आवडीचं वाचतोय. काल मी मुद्दाम कंटाळवाणं पुस्तक काढलं, शिवणयंत्रांचं. त्यानेही काढलं. इतकं समजून घेणारं माणूस मला आजवर भेटलं नाही. काल दुपारभर त्याची वाटही पाहिली. नाही आला. लाजाळू दिसतो. मी निघाल्यावर मात्र येऊन गेला.

२२ जानेवारी
ताईचा फोन. सुट्टीला घरी ये म्हणाली, भाची सारखी विचारते म्हणे. संशोधन आहे म्हटलं. मग तिने हळूच विचारलं, तिथे कुणाशी बोलतोस की नाही रे? एक मित्र झालाय, मी म्हणालो. वाचनवेडा आहे. ताईला इतका आनंद झाला की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. त्यालाही घेऊन ये म्हणाली.
समोरची खुर्ची पुसून ठेवली.

२८ जानेवारी
ताप. खोलीतच पडून. रूममेट गेल्या टर्मलाच दुसरीकडे गेला, त्याच्या कॉटवर माझे कपडे. पाणी आपलं आपणच उठून घ्यायचं. स्वावलंबन!

१ फेब्रुवारी
मामांकडून मोजणी घेतली. मी नव्हतो त्या दिवसांत वरच्या हॉलमध्ये शून्य. म्हणजे तोही आजारी! साथच आहे. जीव कासावीस झाला. त्याला तरी कुणी पाणी दिलं असेल का? निबंधात 'वाचनावर हवामानाचा परिणाम' हा भाग वाढवला.

३ फेब्रुवारी
काल मी गेलो, तोही आला. हुश्श.

१० फेब्रुवारी
निबंध दिला. शीर्षक : 'गंभीर वाचक अजून जिवंत आहे'. आभारात मॅडमच्याही आधी तो. बक्षीस मिळालं की व्यासपीठावरूनच आवाहन करणार, असाल तिथून पुढे या.

१८ फेब्रुवारी
सादरीकरण. परीक्षक बाईंनी विचारलं, तुम्ही स्वतः कुठे बसता? म्हटलं, त्याच कोपऱ्यात. चाळलेली पुस्तकं कुठे ठेवता? नियमाप्रमाणे टेबलावर. ती जागेवर कधी लागतात?
मी काही बोलायच्या आत मॅडमच खालून हळू आवाजात म्हणाल्या, दिवसातून एकदाच, संध्याकाळी.
सगळा हॉल हसला. मीही हसलो, सगळ्यांचं हसून झाल्यावर. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. वाचक चांगला होता, म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी
बक्षीस गेलं. तांत्रिक कारण. पद्धत बरोबर होती, नमुना लहान पडला.
ताईचा मेसेज : मित्राला आणतोयस ना?
उत्तर दिलं नाही. मला त्याची आठवण येतेय. लिहितानाही लाज वाटते, पण येतेय.

२१ फेब्रुवारी
ताईला कळवलं, मित्राची बदली झाली. वाईट वाटलं तिला.
दुपारी वरच्या हॉलमध्ये गेलो. निबंध नाही, डेटा नाही, उगाचच. दीपगृहांचं पुस्तक पुन्हा वाचलं आणि निघताना माझ्या टेबलावर सोडलं. मग परत फिरलो. मधमाश्यांचं काढून पलीकडच्या टेबलावर उघडं ठेवलं, खुर्ची थोडी मागे सरकवली. मामा मोजतील तेव्हा दोघं भरतील.